आतल्या बाजूचं रबर

आई भांडी घासताना म्हणायची,

पाण्याला गं वाट, त्याची त्याला सापडते
मनातली गोष्ट, दारापाशी अडखळते

तिला जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्या दुपारी टाकीखालचा ओला कागद बदलताना तिचा आवाज इतका कानाशी आला, की मी हातातला बोळा तसाच धरून बसले.

संध्याकाळी थोरले भाऊजी येणार होते. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, न्यायला, आणि कायमचं.

ते ठरलं रविवारी, जेवणाच्या टेबलाशी. निमित्त बाबांची ही माशांची टाकी. तिच्या काचेला तळाजवळ एक भोक आहे. त्यात प्लॅस्टिकचा जोड बसवलाय आणि जोडातून नळी खालच्या कपाटातल्या फिल्टरला जाते. बाबांनी टाकी धुऊन जोड परत बसवला, तेव्हापासून तो गळायला लागला. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंच्या छताला ओल धरली. भाऊजींनी येऊन पान्याने नट करकचून आवळला, तर थेंबाची धार झाली. "बाबांना आता हे झेपत नाही," ते हात पुसत म्हणाले. "माझ्याकडे बाग आहे. निवांत बसा." ह्यांनी मान डोलावली. बाबा म्हणाले, "बरं."

मी भाजी चिरत होते. नका जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण बाप त्यांचा, मुलगे त्यांचे. सुनेनं मध्ये तोंड घातलं तर भाऊजींना वाटेल, हिला आमचं पटत नाही. आणि बाबांनाच जायचं असलं तर? मी भाजी चिरत राहिले. तेव्हापासून घरात माझा पाय ठरत नव्हता. गॅस बंद केला का ते बघायला जायचे आणि खिडकीशीच उभी राहायचे.

"सूनबाई, टॉर्च इकडे धर. तू भिंत दाखवतेयस मला."

बाबा स्टँडखाली डोकं घालून बसले होते. टाकी रिकामी केलेली. मासे बादलीत. त्यातला एक दिवसभर एकाच कोपऱ्याला खेटे घालतो म्हणून कारकून, आणि ती जाडी सोनेरी म्हणजे आत्याबाई. टाकीसकट दोघांची रवानगी ह्यांच्या ऑफिसातल्या मित्राकडे व्हायची होती.

"द्यायचीच आहे तर दुरुस्त कशाला करायची?" मी विचारलं.

"गळकी वस्तू कुणाच्या गळ्यात बांधू नये. घेणारा रोज आपला उद्धार करतो." त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. "आत्याबाई रुसल्यात."

"कुठे जायचंय ते सांगितलंत का त्यांना?"

"तू सांग. तुझं ऐकतात त्या."

मी टॉर्च उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

नट निघेना. भाऊजींनी जीव खाऊन आवळला होता. "काच आहे ही, बरणीचं झाकण नव्हे," बाबा पुटपुटले. "तडकली नाही हे नशीब." शेवटी कापडाच्या घडीत धरून दोघांनी मिळून फिरवला, तेव्हा कुठे तो सुटला. जोड हातात आला, आणि त्याबरोबर नटाखालचं रबराचं काळं कडं.

मी ते बोटांवर घेऊन पाहत राहिले. "बाबा, पाणी आत. मग हे रबर बाहेर काय करत होतं?"

बाबांनी रबर हातात घेतलं. मग चष्मा वर सरकवला. "आत लावलं की पाण्यात काळं गोल दिसतं गं. न मिटणाऱ्या डोळ्यासारखं. म्हणून या वेळी मीच बाहेर लावलं."

"म्हणजे पाणी आपलं जोडाच्या आट्यांवरून चालत चालत बाहेर."

"आणि मार खाल्ला नटाने. चोर सोडून संन्याशाला फाशी."

मला हसू आलं, त्यांनाही. हसता हसता ते थांबले. रबर फडक्याने पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी सगळे बोलले. अगदी वकीलबाईसुद्धा जिन्यातून बोलून गेल्या. तूच तेवढी भाजी चिरत होतीस."

शब्द ओठापर्यंत आला. "भाजी..." मी म्हटलं, "भाजी निबर होती."

"असेल," ते म्हणाले.

रबर आतून बसवलं. मी आतून जोड धरला, त्यांनी बाहेरून नट हाताने फिरवला, आणि पान्याने शेवटचा जरासा वेढा. मग बादल्या भरभरून पाणी ओतलं. जोडाखाली कोरा कागद ठेवला आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून राहिलो, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी.

माझी नजर त्या कागदावरून हलेना. बाबांना वाटलं असेल, काळजी. मी मनात म्हणत होते, एक थेंब. एकच पड रे बाबा. टाकी गळाली तर हे आज निघायचे नाहीत. गळकी वस्तू मागे टाकून जायचा स्वभावच नाही त्यांचा. उद्या परत नट काढू, परवा परत बसवू.

कागद कोराच राहिला. बाबांनी जोडावरून बोट फिरवून मला दाखवलं. कोरडं. त्यांचा चेहरा मात्र काम फत्ते झालेल्या माणसाचा नव्हता. ते उठले आणि आतून बॅग आणून दाराशी ठेवली. बॅगेच्या चेनला हात लावला, काढला, परत लावला.

बेल वाजली.

दार मी उघडलं. भाऊजी गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभे. "झाली का तयारी? खाली गाडी आडवी लावलीय, लवकर करा." त्यांनी वाकून बॅगेचा बंद धरला.

मी बॅगेवर हात ठेवला. ओलाच होता अजून. 

"भाऊजी, रागावू नका. त्या दिवशी सगळे बोलले, मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. बाबा, तुम्ही जाऊ नका. मला तुम्ही ह्या घरात हवे आहात."