शुक्रवारची होडी

पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही आमच्या हेल्मसे बेटाची शिस्त. छप्पर उडालं तरी आम्ही म्हणणार, "बरं झालं, घर जरा हवेशीर झालं." त्या गुरुवारी मात्र या शिस्तीचा मला इतका संताप आला की हातातली किटली कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली.

मुख्य भूमीवरून कौन्सिलच्या मिस हॅडो आल्या होत्या. ऑक्टोबरपासून फेरीबोट रोज यायची बंद झाली होती. आता फक्त मंगळवार, गुरुवार, शनिवार. प्रयोग म्हणे. हा प्रयोग कायमचा करायचा की नाही, ते आमचं ऐकून ठरणार होतं.

माझा नवरा लाखलन सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पलीकडच्या इस्पितळात डायलिसिसला जातो. इस्पितळात दुसरे वार रिकामे नाहीत. त्यामुळे टॉर्किलकाका त्याला आपल्या खेकडे धरायच्या होडीतून नेतात. होडी दिसेनाशी झाली की मी घरी येते आणि आवरलेलंच कपाट पुन्हा आवरत बसते.

सभेला सगळं बेट लोटलं होतं. बायकांनी केक, स्कोन, जॅम, कपाटातल्या ठेवणीतल्या बशा, सगळं बाहेर काढलं होतं. हॅडोबाई खाऊन खाऊन हैराण.

"तर मग, फेऱ्या कमी झाल्याने फार अडचण होते का?" त्यांनी विचारलं.

मी बेट समितीच्या अध्यक्षाकडे, इव्हरकडे पाहिलं. कालच हा दुकानात मुठी आपटून कौन्सिलचा उद्धार करत होता.

"आता अडचण म्हणजे," तो म्हणाला, "भागतं आमचं. घ्या ना बाई, केक घ्या अजून."

"दूध वेळेवर येत नाही," मागून कुणीतरी म्हणालं, "पण तशी गाय आहे म्हणा माझी."

मी बसल्या जागी पाय हलवत होते. लाखलनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, गप्प राहा म्हणून.

"आणि आजारी माणसं?" बाईंनी विचारलं.

आता तरी तोंड उघडतील, असं मला वाटलं. तर इव्हरची छाती फुगली. "आम्ही कुणाचं अडू देत नाही! हा लाखलन बघा. टॉर्किलकाका त्याला वाटेल त्या वाऱ्यात पोचवतात. एकदाही चुकलं नाही!"

टाळ्या पडल्या. काका लाजून बुटांकडे बघू लागले. बाईंचा चेहरा खुलला.

"म्हणजे पर्यायी सोय आहे तर," त्या म्हणाल्या आणि तसं लिहूनही घेतलं.

आपली फुशारकी आपल्याच गळ्याशी आलीय, हे त्या खोलीत एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

"तुम्हाला कसं वाटतं होडीतून जायला?" बाईंनी लाखलनलाच विचारलं.

"वाईट नाही," तो म्हणाला.

सोमवारी ताडपत्री पांघरून होडीच्या तळाशी ओकत पडला होता तो! मी उठलेच.

"खोटं बोलतोय हा."

"इश्बेल, बस खाली," लाखलन पुटपुटला.

"नाही बसत! सोमवारी अख्खी लाट आत आली. घरी आला तेव्हा याला कपसुद्धा धरता येईना. ही सोय? उद्या पुन्हा जायचंय याला!"

"अगं, काका समोर बसलेत," इव्हर दबक्या आवाजात म्हणाला. "त्यांचे उपकार तरी आठव."

"उपकार आहेतच. म्हणून तर इतके दिवस तोंड शिवून बसले."

टॉर्किलकाका उठले. आता हे निघून जाणार आणि मी यांना कायमची दुरावणार, असं वाटलं. पण ते टोपी हातात घेऊन तिथेच उभे राहिले.

"लिहा बाई," ते म्हणाले. "पोरगी खरं सांगतेय. मला भीती वाटते. दर खेपेला वाटते. डाव्या डोळ्याने खडक नीट दिसत नाहीत आताशा. याला कळू नये म्हणून गाणी म्हणत बसतो."

"मला वाटायचं, तुम्ही खुशीत असता," लाखलन म्हणाला.

बाईंनी मघाचं वाक्य खोडलं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

त्यांना सोडायला आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. वारा वाढत होता. "मी जोर लावेन," फेरीत चढताना त्या म्हणाल्या, "पण निर्णय वसंताआधी होणार नाही."

म्हणजे अख्खा हिवाळा तसाच. फेरी सुटली, माणसं पांगली. काका माझ्याजवळ आले.

"उद्या सकाळीच निघू," नेहमीच्याच सुरात ते म्हणाले. "त्याला जाड कोट घाल."

नाही म्हणावं तर इस्पितळ बुडतं. हो म्हणावं, तर आता मला सगळं माहीत होतं.

"हो काका," मी म्हटलं. "पण मीही येणार. तुमच्या डाव्या बाजूला बसेन."

कुणाची मदत घेणं काकांच्या रक्तात नाही. उभ्या जन्मात कुणाला त्यांनी आपली जाळीसुद्धा उचलू दिली नसेल. ते समुद्राकडे बघत राहिले, आणि नको म्हणाले नाहीत.