काठावरचा टोचा

भिंगबाई नाकावर माशी बसू देणारी नव्हती. संग्रहालयात कुठलीही जुनी वस्तू आली, की हिनं भिंगाखाली घालून खरी म्हटल्याशिवाय ती काचेच्या कपाटात जात नसे. मोठमोठे विद्वान तिच्या टेबलापुढे परीक्षेला बसल्यासारखे बसत. हे टोपणनाव दादानं ठेवलेलं, आणि ते तिला चपखल बसलं होतं.

आज त्याच भिंगातून पाहताना ती एका खुणेशी अडली.

समोर शिशाचे पाच पत्रे होते, वहीसारखे एका कडीत ओवलेले. त्यांवर मासा, जहाजाचा नांगर, क्रूस आणि ग्रीक अक्षरांच्या ओळी. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी छळाच्या काळात गुहेत लपवलेली ही प्रार्थना, असं ते आणणाऱ्या संग्राहकाचं म्हणणं. तपासणीचा निकालही त्याच्याच बाजूनं लागला होता. ताज्या ओतलेल्या शिशात किरणोत्सर्गाचा बारीकसा अंश सापडतो, जुन्यात तो विरून गेलेला असतो. या पत्र्यांत तो नावालाही नव्हता. शिसं जुनं, म्हणजे पत्रे खरे. पेपरांत फोटो झळकले. तीन वाजता समितीपुढे तिनं मान डोलावली, की झालं.

पण प्रत्येक ओळीच्या आधी, अगदी काठावर, तिळाएवढा एक टोचा होता.

असा टोचा तिनं लहानपणापासून पाहिला होता. नावाच्या पाट्या कोरताना बाबा आधी काठावर हात साधायचे, मग मजकुराला हात घालायचे. त्यांच्यामागे दादानं तीच सवय उचलली, तीच छिन्नीही. त्या छिन्नीच्या टोकाचा टवका उडालेला आहे, आणि प्रत्येक ठोक्यात मधोमध केसाएवढी जागा कोरी राहते. शिशातही ती राहिली होती. बाबा गेले तेव्हा दादानं आपलं शिक्षण सोडलं आणि त्या छिन्नीवर तिचं पुरं केलं. तिनं भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. भिंगाचा काही दोष नव्हता.

दार लावून तिनं दादाच्या पाट्यांच्या दुकानात फोन केला.

"दादा, ओळ कोरण्याआधी तू काठावर टोचा का मारतोस?"

"सवय. बाबांची." तो हसला. "शिसं एवढं मऊ, त्याला खरं तर गरजही..."

तो थांबला. शिशाचं नाव तिनं काढलंच नव्हतं.

"दादा!"

"नाटकवाल्यांना सामान हवंय म्हणाला तो संग्राहक. जुन्या पाण्याच्या नळाचं शिसंही त्यानंच आणून दिलं. मग पेपरात फोटो पाहिला आणि माझी वाचाच बसली गं. म्हटलं, बोललो तर मी आत जाईन आणि तुझी नोकरीही जाईल. गप्प राहिलो. चुकलंच माझं."

तिला संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. ती गप्प राहिली तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. बोलली तर दादाच्या हातात बेड्या.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

"जेवलीस?"

"दादा, इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू..."

"आधी जेव. तुझ्या वहिनीनं दिलेला डबा खाली कर, धू आणि बूड बघ. ते लोक पुरावा मागतील." त्यानं फोन ठेवला.

तिनं डबा संपवला. धुऊन उपडा केला. गेल्या वर्षी तिला बढती मिळाली तेव्हा दादानं बुडावर नाव घातलं होतं. नावाआधी, काठावर, टोचा.

तीन वाजता तिनं सांगितलं, "शिसं जुनं आहे. कोरीवकाम नवं आहे."

संचालकांचा चेहरा पडला. संग्राहक मात्र शांतपणे म्हणाला, "कशावरून?"

तिनं सूक्ष्मदर्शकाखाली आधी पत्रा ठेवला, मग ओला डबा. पडद्यावर दोन टोचे शेजारी शेजारी आले. दोन्हींत मधोमध तीच केसाएवढी कोरी जागा.

"भिंगबाई," संचालकांनी डब्यावरचं वाचलं. "हे कोण?"

"मी. आणि कोरणारा माझा सख्खा भाऊ."

मग संग्राहक खुर्चीतून पुढे झुकला.

"म्हणजे दोघं सामील! भावानं बनवायचं, बहिणीनं पकडून नाव कमवायचं. आणि हा डबा तरी यांनी काल रात्री कोरून घेतला नाही कशावरून?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. वर्षानुवर्षं तिच्या शब्दावर कपाटं उघडणारी ही माणसं आता तिच्याचकडे संशयानं पाहत होती. तिनं डबा पुन्हा हातात घेतला; बुडावर तारीख नव्हती.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. संचालकांनी उचलला, ऐकलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"खाली पहारेकऱ्यानं एकाला अडवलंय. हातात छिन्नी आहे. म्हणतोय, ज्यानं काम दिलं त्याचं नाव लिहून देतो, पण आधी वर सोडा. बहीण एकटी पडली असेल."

संग्राहकाच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"सोडा त्यांना," संचालक फोनवर म्हणाले.

भिंगबाईनं डोळे पुसले, आणि शेजारची खुर्ची दादासाठी ओढून ठेवली.