भारेवालीची वाट

शामकलाने कुबडी कठड्याला टेकवली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि हवेतला भारा नीट धरला.

"असी," ती म्हणाली. "असी जाऊन राहिली होती मी."

गोंदियाच्या कोर्टातल्या त्या खोलीत रोज अपघाताचे दावे चालत, पण नसलेला भारा सांभाळणारी साक्षीदार तिथे बहुधा कुणी पाहिली नव्हती. टाइप करणाऱ्याचे हात थांबले. विमा कंपनीच्या वकिलांनी मात्र कागद उलटला.

"सडक ओलांडताना उजवीकडे-डावीकडे पाहिलं होतं?"

मागच्या बाकावर तिचा नवरा बकाराम पुढे सरकून बसला. आठ दिवस त्याने तिच्याकडून एकच वाक्य घोटवून घेतलं होतं: मी सडकेच्या कडेनं जाऊन राहिली होती, सडक ओलांडलीच नाही. सकाळी एसटीतसुद्धा तिने ते शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं होतं. शपथ घेतली आणि ते वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

"नाही पायलं, जी. भारा असला का मान फिरत नाही."

बकारामने कपाळाला हात लावला.

गेल्या वर्षी भाताच्या रोवण्याच्या दिवसांत गोरेगावजवळ एका पिकअपने तिला उडवलं होतं. गुडघ्याचा चुरा झाला. पाय वाचला, पण वाकेना. नागपूरला दुसरं ऑपरेशन केलं तर वाकेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते ऑपरेशन या दाव्यावर अडलं होतं. वीस वर्षं गावातल्या बाया रोवायला उतरत तेव्हा पहिली ओळ शामकला धरी. न वाकणारा गुडघा घेऊन चिखलात कोण उतरणार? यंदा ती धुऱ्यावर, शेताच्या अरुंद बांधावर, बसून नुसती पाहत राहिली होती, आणि ते दुखणं गुडघ्यापेक्षा वाईट होतं.

पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं की बाई अचानक आडवी आली. तिलाही ते पटलं होतं. चूक आपलीच, मग कोर्टात कोणत्या तोंडाने जायचं? दाव्याची मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा तिची वकील रेणू टेंभरे स्वतः घरी आली आणि ओसरीवर मांडी घालून बसली.

"मावशी, नको त्या जागी सडक ओलांडली म्हणून हक्क जात नाही. चूक दोघांत वाटतात. तुमच्या वाट्याला जेवढी येईल, तेवढीच भरपाई कमी होते."

"म्हंजे अधियासारखं? मालक अन् कसणारा पीक वाटून घेते तसं?"

"अधियासारखंच. पण वाटे बरोबर पडायचे, तर खरं सांगावं लागेल."

तेवढ्यावर शामकलाने सही केली होती.

"झेब्रा क्रॉसिंग होतं तिथे?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

"गोरेगावच्या बसस्टँडाजवर आहे. तीन किलोमीटर."

कुणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं. डोक्यावर भाताची ओली रोपं घेऊन तीन किलोमीटर जायचं, पांढऱ्या पट्ट्यांवरून पलीकडे व्हायचं आणि तीन किलोमीटर परत यायचं. तोवर बांधीत, चिखलाच्या खाचरात, उभ्या बायांनी काय भजन म्हणायचं? रोपं सडकेच्या अलीकडे, रोवायची बांधी पलीकडे. सडक मधून काढली तेव्हा शामकलाला कुणी विचारलं नव्हतं.

"हॉर्न ऐकू आला?"

"आला."

"दोन पावलांवर कड होती. पळाला का नाहीत?"

शामकलाने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. एवढा शिकलेला माणूस.

"पळाचं कायले? भारा होता ना डोक्शावर."

न्यायाधीश मॅडमनी मान वर केली. "नीट सांगा."

"धुऱ्यावर दोघी समोरासमोर आल्या, तं भारेवाली हालत नाही, जी. तिनं उभं राहाचं. जे रिकामी असन तिनं चिखलात उतराचं अन् वाट द्याची. माह्या मायनं असंच शिकवलं. हॉर्न वाजला, मी उभी राहिली. मले वाटलं, तो बाजूनं जाईन."

"सडक म्हणजे धुरा नव्हे, बाई," वकील म्हणाले. आवाज चढवला नाही, आणि बोलण्यात खोटही नव्हती. शामकलाने हात खाली घेतले. एवढा वेळ धरलेला भारा पडला आणि सोबत दावाही, असं तिला वाटलं.

नंतर कंपनीने पिकअपचा ड्रायव्हर दुर्गेश याला उभं केलं. अपघाताच्या दिवशी त्यानेच तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून त्याने तिच्याकडे डोळे वर करून पाहिलं नव्हतं. बाई एकाएकी सडकेवर आली आणि मध्येच थांबली, एवढं त्याने सांगितलं. ते खरंच होतं.

रेणू उठली.

"घरी धानाची शेती आहे?"

"आहे, मॅडम."

"रोवायला कोण जातं?"

"आई जाते. बायकोपण."

"डोक्यावर भारा घेतलेली बाई हॉर्न ऐकून काय करते, माहीत आहे?"

दुर्गेशने कठड्यावरची बोटं मिटली.

"थांबते."

"मग?"

"मले लेट होऊन राहिलं होतं. वाटलं, हटून जाईल."

"एवढंच," म्हणून रेणू खाली बसली. दुर्गेश मात्र जागचा हलला नाही. शिपायाने हाताने खूण केली, तरी तो उभाच.

"एक बात राहिली, मॅडम," तो न्यायाधीशांना म्हणाला. "गाडी रिकामी होती. मिलमध्ये पोती उतरवून वापस येऊन राहिलो होतो. रिकामा मी होतो. मीच उतराले पाहिजे होतं."

आता त्याने शामकलाकडे पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले. वर्षभर तिला त्याचा राग आला नव्हता, आणि आता माया आली.

"लिहून घ्या," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

निकाल पुढच्या महिन्यात लागणार होता. बाहेर आल्यावर रेणू म्हणाली, "थोडा वाटा तुमच्याकडे येईल, मावशी. पण मोठा येत नाही आता."

"थोडा माहाच आहे," शामकला म्हणाली. बकारामने तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली.

कोर्टाच्या फाटकापर्यंत एकाच माणसापुरती फरशीची पट्टी होती आणि दोन्ही बाजूंना चिखल. शामकला कुबडी टेकत अर्ध्यावर आली, तेवढ्यात समोरून कंपनीचे तेच वकील येताना दिसले. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत फायली. ती थांबली आणि सवयीने कुबडी चिखलात रोवून फरशीवरून उतरू लागली.

"कुठे उतरता?" वकील म्हणाले.

"तुमच्याजवर भारा आहे ना, जी."

वकिलांनी फायलींकडे पाहिलं. मग तिच्या पायाकडे पाहिलं. आणि ते पॉलिश केलेल्या बुटांसकट चिखलात उतरले.

"या, मावशी," ते म्हणाले. "हळू या."