पदराआडची नळी

पालमच्या आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगाभोवती नसेल एवढी गर्दी लिंबाखाली असायची. तिथं सिताराम महाराज लोकांच्या दातांतले किडे काढायचे.

पाणी भरलेली पितळी परात, परातीच्या मधोमध वीट, विटेवर निखाऱ्यात लाल केलेला लोखंडाचा तुकडा. त्या तुकड्यावर महाराज तुपात कालवलेली चिमूटभर दवा टाकत आणि लगेच वरून बुडाला भोक असलेलं मडकं पालथं घालत. भोकात एक नळी, नळीचं टोक रोग्याच्या तोंडात. आत तडतड व्हायची, रोगी खोकून बेजार व्हायचा, आणि मडकं उचललं की परातीत पांढरे, वाकडे, बारीक किडे तरंगताना दिसायचे.

“ह्यो बगा दाढंतला, ह्यो सुळ्यातला,” महाराज काडीने एकेक दाखवत. “ह्यो म्हातारा तर सासऱ्याच्या येळंपासून मुक्कामाला हाय. अन् ह्यो धाकला, अजून शाळंत जायलाय.”

लोक हसत आणि हसता हसता विश्वास ठेवत. खुद्द महाराजांचे पुढचे दोन दात नव्हते. ते आपण देवाला वाहिले, असं ते सांगत, आणि देवाला दात कशाला लागतात हे कुणी विचारत नसे.

हेमा गर्दीच्या कडेला उभी होती. अजून एकही दात न आलेला तिचा लेक सासूच्या, चतुराबाईंच्या, कडेवर होता. रिकाम्या हातांचं काय करावं हे हेमाला समजेनासं झालं होतं. थोड्या वेळाने तिचाच नंबर होता.

तिच्या पुढच्या दातांपैकी एक तिचा नव्हता. परभणीला बी.एस्सी. करताना हापशाचा दांडा उसळून तोंडावर बसला आणि दात गेला. हैदराबादला दातांचे डॉक्टर असलेले तिचे मामा, अनंतराव, यांनी जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर नवा दात चढवला. हा दात किडणार नाही, पण याच्याभोवतीची हिरडी रोज ब्रशने साफ ठेव, असं त्यांनी बजावलं होतं. पुढे बाळंतपण आलं. ओल्या बाळंतिणीने ब्रश लावला तर दात हलतात, अशी चतुराबाईंची पक्की समजूत. त्यांनी ब्रश फळीवर ठेवला आणि बोटाने मिश्री लावायला दिली. हेमाने ऐकलं. पहिलटकरणीला सगळ्याचीच भीती वाटते, आणि घाबरलेलं माणूस ऐकतं. हळूहळू त्या दाताभोवतीची हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं, मग पू आणि वास.

तेव्हा चतुराबाईंनी तिला पहिल्यांदा महाराजांसमोर बसवलं होतं. किडे निघालेच. वर महाराजांनी निदान केलं, “जित्या हाडात खिळा ठोकलाय माय. खिळ्याखाली राणीकिडा बसलाय. हिच्या तोंडाचा वारा लेकराला लागू देऊ नका. लेकराचे दात यायच्या आधीच जातील.”

तेव्हापासून बाळ तिच्याकडे फक्त पाजायला यायचं. तेही तिच्या तोंडावर फडकं बांधून. पोट भरलं की चतुराबाई त्याला उचलून नेत. मग तेही बंद झालं, शेळीचं दूध सुरू झालं. हेमा मागच्या खोलीत. भिंतीपलीकडे बाळ रडायला लागलं की तिचा पदर भिजायचा आणि ती भिंतीला कान लावून बसायची. नवरा भुजंग परभणीला नोकरीला होता, तिथं खोली मिळेपर्यंत ती सासरी. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एस.टी. आज चालू तर उद्या बंद, त्यामुळे त्याचंही येणं झालं नव्हतं.

चतुराबाई वाईट नव्हत्या. त्यांचं पहिलं मूल त्यांच्या मांडीवर गेलं होतं. त्यांच्या डोळ्यांतली भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीशी भांडायचं कसं हे हेमाला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

पण बघायला शिकवलं होतं. मागच्या खेपेला सगळे महाराजांच्या तोंडाकडे बघत असताना ती परातीकडे बघत होती. एकही किडा वळवळत नव्हता. सगळे सारख्याच बाकाचे, जणू एकाच साच्यातून काढलेले. असा बाक तिने प्रयोगशाळेत बिया चिरताना पाहिला होता. घरी आल्यावर तिने सासूला सांगितलं. चतुराबाई म्हणाल्या, भाजून निघालेला किडा वळवळेल कशाला?

आज राणीकिडा निघाला की महाराज चिमट्याने तिचा दातही उपटणार होते. तोवर बाळ मिळायचं नाही.

“पदर घे माय,” महाराज म्हणाले. सगळ्याच बायका घेत. परक्या पुरुषांपुढं तोंड वासून कोण बसणार?

हेमाने पदर पुढं ओढला, नळी आत घेतली आणि तिच्या टोकावर अंगठा दाबून धरला. तोंड घट्ट मिटलं. आत तडतड सुरू झाली. नळी तापत गेली, अंगठा चटचटला, ती उगीचच खोकली. पदराआडच्या त्या अंधारात तिला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. परात रिकामी निघाली तर? मग महाराजांचंच खरं, किडा आपल्या हाडात आहे, आणि लेक लांब ठेवला तेच बरोबर.

महाराजांनी मडकं उचललं आणि आरोळी ठोकली, “निघाली राणी! सगळं लटांबर घेऊन निघाली!”

पाण्यावर किडेच किडे होते. हेमाने पदर मागे केला.

“महाराज, हे कुणाच्या तोंडातले? नळी माझ्या तोंडात गेलीच नाही.” तिने अंगठा दाखवला. त्यावर नळीच्या तोंडाएवढं लाल वळं उठलं होतं.

महाराज काडीने किडे ढवळत म्हणाले, “मंत्र वाऱ्यावरून खेचतो माय. मंत्राला नळी लागत न्हाई.”

“मग ती ठेवली कशाला, हुक्का प्यायला?” शेजारचा वांगीवाला किशनराव म्हणाला, आणि हशा पिकला.

तेवढ्यात चतुराबाई पुढं आल्या. बाळ कडेवर तसंच. त्या हसत नव्हत्या. “आता कुणाच्याच तोंडात देऊ नका,” त्या महाराजांना म्हणाल्या. “नुसतीच दवा टाका. मला बगायचंय.”

महाराज म्हणाले, लोखंड निवालं, मुहूर्त टळला. किशनरावाने परातीतलं पाणी बदललं, लोखंड पुन्हा निखाऱ्यात लाल करून विटेवर ठेवलं, दवेची चिमूट टाकली आणि मडकं झाकलं. नळी सगळ्यांसमोर मोकळी, वर आभाळ. मडकं उचललं. किडे होतेच.

हेमाने दवेच्या पुडीतली एक चपटी बी नखाने फोडली. आत वळलेला पांढरा कोंब. ती भुईरिंगणीची बी होती, बांधावर पिवळी फळं धरणाऱ्या काटेरी झुडपाची. तापलेल्या लोखंडावर ती फुटते, आतला कोंब उडतो आणि खाली पाण्यात पडतो. तोंड असो वा नसो.

महाराजांनी गाशा गुंडाळला. हेमाचं कौतुक कुणी केलं नाही. भर बाजारात बाईमाणसानं एवढं बोलावं का, असं बायकांत कुजबुजणं झालं, आणि दोघी-तिघींनी महाराजांना पुढचा मुक्काम कुठं म्हणून हळूच विचारलंही. घरी जाताना चतुराबाई पुढं चालत होत्या. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

एस.टी. सुरू झाल्यावर मात्र त्या स्वतःहून हेमाला आणि बाळाला घेऊन परभणीला गेल्या. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी स्क्रूभोवतीचा चिकट थर खरवडून काढला, औषध दिलं, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं आणि मिश्री बंद केली. त्यांनी सांगितलं, जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. स्वतःच्या दाताला हिरडी तंतूंनी घट्ट बांधलेली असते, स्क्रूला तेवढी पकड नसते. थर साचू दिला की त्यातले जंतू धातूच्या कडेने खाली उतरतात, हिरडी सुजते, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर आतलं हाड झिजतं. हेमाचं हाड थोडं झिजलं होतं, दात वाचण्यासारखा होता.

“मंजी जीव हायतच की तोंडात,” चतुराबाई म्हणाल्या. “मग महाराज खोटा कसा?”

“आहेत, आत्याबाई,” हेमा म्हणाली. “पण ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून तर दिसणारे विकता येतात.”

बाळाला पाजायला काही हरकत आहे का, हेही चतुराबाईंनीच विचारलं. मुळीच नाही, डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एस.टी.त चतुराबाईंनी बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. “घे,” एवढंच म्हणाल्या. बाळाने हेमाच्या तोंडाकडे पाहिलं, ओठ काढले आणि आजीकडे हात पसरून रडू लागलं. चतुराबाईंनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. हेमाने बाळ घट्ट धरलं. हिरडी भरून येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. याबद्दल ते काही बोलले नव्हते.

बायांनो, तुमच्या तोंडातला, पोटातला, नशिबातला किडा कुणी काढून दाखवायला लागला, तर पदर घ्या, नळी हातात धरा आणि तोंड मिटा. मग बघा किडा पडतो का. एवढं बघून होईपर्यंत आपलं लेकरू कुणाच्या सांगण्यावरून दूर करू नका.