मगदूम साहेबांची सर्दी

रजा खर्ची पडू नये म्हणून हेडक्लार्क मगदूम स्वतः घरी पडून राहिले आणि सूतगिरणीच्या हिशेब खात्यात त्यांनी आपली सर्दी पाठवून दिली. आली मात्र वेळेवर, हो! अंगानं साबुदाण्याच्या खळीसारखी, हिरवट, बुळबुळीत. साहेबांच्या खुर्चीत बसली, तर वेताच्या भोकांतून खाली ओघळायला लागली.

शेजारच्या टेबलावरच्या विजयमाला चौगल्यांनी नाकाला पदर लावला. घरी लेकीचं सातमाशी बाळ होतं, ओंजळीत मावेल एवढं. साधी सर्दीसुद्धा त्याच्यापाशी येता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"हिला घरी पाठवा," त्या कॅशियर बिरनाळ्यांना म्हणाल्या.

"कामावर आलेल्याला हाकलायचं होय, वैनी? तेवढी माणुसकी ठेवा की!"

सर्दी शिंकली. खोली वीतभर आखडली. कुणाला काही वाटलं नाही. ज्यानं त्यानं खुर्ची पुढं ओढून घेतली. बाईंनी खिडकी उघडली, तर खिडकीनं फुर्रकन नाक ओढलं आणि पुन्हा मिटून घेतलं. हात धुवायला गेल्या, तर नळातून कोमट शेंबूड आला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत गुडघ्याला गुडघे लागले होते. डबे नेहमीसारखे मधोमध उघडले. सगळ्यांचे हात सगळ्यांच्या डब्यात. सर्दीनं वांग्याच्या भाजीत मनगटापर्यंत हात बुडवला. वर काढला तेव्हा तारा लोंबत आल्या, आणि बिरनाळ्यांनी त्या भाकरीवर झेलल्या.

"घ्या की, वैनी," सर्दी म्हणाली. "आमचा डबा चालत नाही होय तुम्हाला?"

"उपास आहे माझा."

"कसला मेला उपास! मी भरवते."

घास ओठांना टेकला, ओला आणि वळवळता. बाईंनी दात आवळले. तेवढ्यात सगळेच एकदम शिंकले, आणि भिंती पाठीला येऊन चिकटल्या.

आज घरी जायचंच नाही, असं बाईंनी ठरवलं. पण संध्याकाळी ऑफिस सुटलं, त्या उठल्या, तर खोलीही अंगाबरोबर उठली. घट्ट झब्ब्यासारखी बसली होती. आत बिरनाळे, डबे, सर्दी, सगळं गच्च.

"बाळ बघायचं राहूनच गेलंय," आतून बिरनाळे म्हणाले. "आज जाऊ की सगळे!"

"आज नको हो."

"असं कसं, वैनी?"

खोली चालायला लागली.

लेकीनं दार उघडलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

"आई, धर गं जरा. दूध उतू चाललंय."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागं गच्च बांधले. तेव्हा त्यांच्या बाहीतून तिसरा हात बाहेर आला, हिरवा, ठिबकणारा, आणि त्यानं बाळाची मान अगदी अलगद सावरून धरली.