डागी आधी

आमच्या घरात अख्खं सफरचंद कुणी खाल्लेलं नाही. झाडं आमची, मेहनत आमची, आणि तोंडात पडतं ते कायम टवका उडवलेलं. सासूबाईंचा नियम एकच: डागी आधी, चांगलं नंतर. हे 'नंतर' कधी येतं ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून शोधतेय.

आता हे कसं चालतं ते सांगते. थंडी पडायच्या आधी बाजाराची फळं बाजारात जातात आणि घरची म्हणून ठेवलेली माळ्यावर चढतात. माळा स्वयंपाकघराच्या बरोबर वर, शिडी चुलीच्या बाजूला. फळ्यांवर कोरडं गवत पसरायचं आणि त्यावर एकेक फळ देठ वर करून मांडायचं, एकाचं अंग दुसऱ्याला लागता कामा नये. मग हिवाळाभर रोज सकाळी वर जायचं, सगळ्या रांगा डोळ्यांखालून घालायच्या. ज्याला डाग पडला, जे मऊ झालं, ते खाली आणायचं. डाग कापायचा, राहील ते घरात वाटायचं. कापलेलं कोंबड्यांना. सालं दोऱ्यात ओवून चुलीवर वाळवायची, ती चहात. दुसऱ्या दिवशी परत वर.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण जरा डोकं चालवलं तर कळतं, की आज चांगलं असलेलं फळ आम्ही डाग पडेपर्यंत सांभाळतो आणि मग खातो. म्हणजे माळाभर चांगली फळं आम्ही एकेक करून डागी होऊ देतो. हे मी एकदा जेवताना बोलून दाखवलं. सासऱ्यांना हसता हसता ठसका लागला. सासूबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि मला विचारलं, "मग काय, डागी फेकून देऊ?"

मी पुढ्यातली टवका उडवलेली फोड उचलून तोंडात टाकली.

सफरचंदाचंच असं आहे असंही नाही. साबणाच्या चिपट्या एकत्र दाबून त्यांचा नवा साबण होतो. बटाटे उकडलेलं पाणी पीठ मळायला लागतं. सासरे दुपारी उन्हात बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करतात आणि नवऱ्याच्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून उलटी शिवायचं काम माझ्याकडे असतं. आमच्याकडे कचऱ्याची टोपली नाही, कारण तिच्यात टाकायला काही उरतच नाही. माझी लेक शाळेत जायला लागली तेव्हा बाईंनी सफरचंदाचं चित्र काढायला सांगितलं. हिने काढलं, छान लाल रंगवलं आणि एका बाजूला खोलगट खाच ठेवली. बाई म्हणाल्या, हे कुणी खाल्लं गं? तर ही म्हणते, खाल्लं नाही, असंच असतं. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी काय सांगणार, कपाळ! खाली मान घालून घरी आले.

सासूबाईंच्या हातून वस्तू पडत नाही, सांडत नाही, फुटत नाही. घरातली काचेची बरणी त्यांच्या लग्नातली आहे, यावरून समजा. फक्त एका हिवाळ्यात त्यांचा हात सैल झाला होता. लेक माझ्या पोटात होती तेव्हा. मला पाणीसुद्धा पचत नव्हतं, भिंतीला टेकून बसायची आणि चुलीचा धूर आला तरी उठून पळायची. त्या हिवाळ्यात सासूबाई माळ्यावर गेल्या की येताना हातात एक आपटलेलं फळ. "निसटलं मेलं," म्हणायच्या. सासरे खालून ओरडायचे, "हाताला लोणी लावून चढतेस का गं वर?" आणि आम्ही सगळे हसायचो. वय झालं, म्हणायचो. ती फळं डाग कापून माझ्याच पुढ्यात यायची, कारण बाकीच्यांचं पोट भाकरीने भरत होतं आणि माझ्या पोटात तेवढंच ठरत होतं. पुढे लेक झाली आणि सासूबाईंचा हात पहिल्यासारखा घट्ट झाला. मी लेकीत गुंतले, बरा झाला तर झाला.

यंदाच्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या.

छातीत कफ भरला. तालुक्याचे डॉक्टर मोटरसायकलवरून दोनदा येऊन गेले. औषधाने कफ सुटला, ताप उतरला, पण जेवण काही सुरू होईना. आम्ही त्यांची खाट स्वयंपाकघरात आणली, चुलीची ऊब मिळावी म्हणून. भाताची पेज दिली तर दोन चमचे घेऊन तोंड फिरवायच्या. दूध नको, भाकरी नको. तोंड कडू झालंय म्हणायच्या. डॉक्टर तिसऱ्यांदा आले ते नवऱ्याला बाहेर गोठ्यापाशी घेऊन गेले. आजार गेलाय, म्हणाले, पण बाई खात नाहीत. अशाच राहिल्या तर हा हिवाळा काढणार नाहीत.

नवऱ्याने आत येऊन मला हे सांगितलं आणि कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला गेला. लाकडं फोडलेलीच होती.

मी खाटेपाशी बसले. "आई, काय खावंसं वाटतंय? सांगा, काहीही सांगा."

त्यांनी वर माळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सफरचंद खाईन एखादं."

मी शिडीकडे धावले.

"अगं, डागी असलं तर," मागून आवाज आला.

आता गंमत बघा. यंदा पाऊस वेळेवर उघडला, फळ कोरडं हाती आलं आणि माळ्यावर टिकलं ते असं टिकलं की विचारू नका. मी सगळ्या रांगा पालथ्या घातल्या. एकेक फळ उचलून फिरवलं, बोटाने दाबलं. सगळी टणटणीत, चेंडूसारखी! एरवी या दिवसांत टोपलीभर डागी निघायची, आणि यंदा हवं तर एक नाही. मी चांगल्यातलं चांगलं उचललं, खाली आणलं, पुसून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं. "हे तर चांगलंय."

"असू दे. खा."

"परत ठेव. नंतर लागेल."

"आई, नंतर कुणाला लागेल? डॉक्टर काय म्हणाले माहितेय?"

"माहितेय. गोठ्याकडची भिंत काही एवढी जाड नाही." आणि तोंड भिंतीकडे केलं. एरवी यांना कमी ऐकू येतं. चार हाका माराव्या तेव्हा एक पोचते. पण ऐकायचं असलं की बरोबर ऐकू येतं.

मला असा राग आला म्हणून सांगू! मरायला टेकली बाई, पण नियम सोडायची नाही. सासऱ्यांनी समजावलं, नवऱ्याने समजावलं, लेकीने गळ्यात हात टाकून लाडीगोडी लावली. त्यांचं तोंड भिंतीकडेच. सासरे ओसरीवर जाऊन बसले आणि पहिल्यांदाच खिळ्यांचा डबा न उघडता नुसतेच बसून राहिले. ते बघून माझं डोकं फिरलं.

मी माळ्यावर गेले, हाताला आलं ते फळ उचललं आणि धुराड्याच्या विटांवर हाणलं. धप्प! बरं वाटलं. दुसरं उचललं. धप्प! अहो, दोन्ही फळं घेऊन खाली आले तर डाग दिसेना. नुसतं दबलेलं, रंग तोच. तेव्हा कळलं की मार लागला तरी फळ लगेच रंग बदलत नाही, त्याला रात्रभर ठेवावं लागतं. मग टोपलीत झाकून ठेवली. सकाळी बघते तर दोन्हींची एक बाजू छान तपकिरी.

"आई, डागी निघालं हो!" मी वरून ओरडतच उतरले.

खाटेपाशी बसून डाग कापला, बारीक फोडी केल्या. त्यांनी एक फोड तोंडात धरली आणि चोखत राहिल्या. मग चावली. मग दुसरी घेतली. अर्धं फळ संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कापलेलं दाखव."

मी बशी पुढे केली. त्यात कापलेला डागी भाग होता, चांगला मूठभर.

"केवढा कापलास गं!" म्हणाल्या आणि डोळे मिटले.

पुढे हे रोजचं झालं. सकाळचं काम आटोपलं की मी वर जायची, उद्याची फळं विटांवर आपटायची, कालची खाली आणायची. सासूबाई फोडी खायच्या, एकाची दोन फळं झाली, मग फळाबरोबर पेज उतरायला लागली, मग दुधात कुस्करलेली भाकरी. पण रोज खाऊन झालं की, "कापलेलं दाखव." आणि रोज बशीकडे बघून तेच, "केवढं वाया घालवतेस." मी मनात म्हणायची, बाई, जीव वाचतोय तुझा आणि तुला कोंबड्यांच्या वाटच्या तुकड्याची पडलीय. लेकीला मी दम देऊन ठेवला होता की आजीपुढे ब्र काढायचा नाही. नवरा मला माळ्यावर जाताना बघायचा आणि तेवढ्यात अंगणात काहीतरी आपटत बसायचा, आवाज लपावा म्हणून. त्याची आई होती, त्याला बोलता येत नव्हतं, आपटता येत होतं. मला त्याची फार दया यायची.

थंडी ओसरली. झाडांच्या काड्यांवर कळ्या फुगल्या, कोंबड्या परत अंडी द्यायला लागल्या. एका सकाळी मी गोठ्यातून दूध घेऊन आत आले तर खाट रिकामी. बघते तर सासूबाई टेबलापाशी बसलेल्या, अंगावर शाल, केस स्वतः विंचरलेले.

"अगं बाई! उठलात कशा? हाक तरी मारायची."

"माळ्यावरून एक फळ आण," त्या म्हणाल्या.

"आणते हो, कालच एक डागी दिसलं होतं..."

"चांगलं आण."

मी दुधाची चरवी तशीच खाली ठेवली आणि वर गेले. मला वाटलं, आलं एकदाचं ते 'नंतर'. सगळ्यात देखणं फळ निवडलं, पदराने पुसलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उचललं, पण तोंडाला लावलं नाही.

"तू विटांवर आपटतेस," म्हणाल्या.

मी चरवी उचलून टेबलावर ठेवली.

"खाली सगळं ऐकू येतं. धप्प धप्प. रोज माझ्या काळजाचं पाणी. गालावर मार बसतो फळाच्या, अर्धं फुकट जातं. इकडे बघ."

त्यांनी फळ उलटं धरलं, देठ खाली करून. फळावरची पकड पक्की होती. टेबलाच्या कडेवर त्यांनी ते टक्कन टेकवलं. जरासं फिरवलं, परत टक्. पुन्हा जरासं, परत टक्. ओसरीवरून सासऱ्यांनी विचारलं, कोण ठोकतंय गं?

"देठापाशी मारायचं, गोल. डाग पडतो तो देठाभोवती. आणि देठाकडचं तसंही काढायचंच असतं. म्हणजे डागी तर झालं, पण काही गेलं नाही." त्यांनी फळ माझ्या हातात दिलं. "तुझ्या वेळी मी एक फोड जास्त जाऊ दिली नाही."

"माझ्या वेळी?" मी म्हणाले.

म्हणाले खरी, पण विचारता विचारताच कळलं. लोणी लावलेले हात. निसटलं मेलं. आम्ही सगळे कसे हसलो होतो.

"तू तरी कुठे खायचीस चांगलं," त्या म्हणाल्या. "सांगून बघितलं होतं तुला. म्हणायचीस, राहू द्या आई, नंतर."

हे मला आठवतही नव्हतं. मी नवी होते, या घरातली व्हायला बघत होते, म्हटलं असेल. मी ते फळ धरून उभी राहिले आणि मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन, लेक धावत आत येईल इतक्या मोठ्याने. सासूबाईंना ऐकू गेलं नाही. त्यांना कमी ऐकू येतं.

त्यांनी शाल सारखी केली, चरवीतल्या दुधावर झाकण ठेवलं आणि माझ्या हातातल्या फळाकडे बोट केलं.

"उद्यापर्यंत रंग धरेल," म्हणाल्या. "ते तू खा."