‘हरकत नाही’ची तालीम

मी एक जुना माईक आहे, आणि मित्रांनो, माणसाचं बोलणं मला चटकन पटत नाही. तो दोष माझ्या कामाचा. बोलण्याआधी माणूस जो श्वास घेतो, तो तुम्हाला ऐकू येत नाही. मला येतो.

टोकियोतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. डोक्यावर पोलादी जाळी, हातात मावेल अशी दांडी आणि तिच्यावर एक ताठर बटण. युकिमोरी किहेई नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं आणि एचिगोच्या बर्फाळ मुलखात, आपल्या गावी नेलं. तिथे त्यांचा रॉकेलवर चालणाऱ्या हीटरचा कारखाना होता.

किहेई रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहून कामगारांशी बोलत. आवाज बारीक, त्यात अडखळणं. एका वर्षी थंडी पडलीच नाही आणि माल गोदामात पडून राहिला. त्या सकाळी ते म्हणाले, “जास्त माल काढायला मीच सांगितलं होतं. चूक माझी. यंदा मी पगार घेणार नाही.” एवढं बोलून त्यांनी कामगारांच्या रोजच्या सामूहिक व्यायामाचं संगीत लावायला सांगितलं. मला शंका आली. इतकं सरळ कोणी बोलतं का? यातली मेख कधीतरी बाहेर पडेल म्हणून मी पुढे बरीच वर्षं कान देऊन होतो. ती पडली नाही.

मग माझ्या आयुष्यात सागिसाका नोबुए आली. हीटरचे सुटे भाग जोडणाऱ्या विभागातली मुलगी, पण आवाज असा, की सगळ्या घोषणा तिच्याकडेच आल्या. “जेवणाची वेळ झाली आहे. आज मिसो सूप आणि भाजलेला बांगडा.” ती हे सांगे आणि शेडमधले लोक हसत म्हणत, “नोबुएने सांगितलं की शिळा बांगडाही ताजा लागतो!” ती रोज मला आपल्या रुमालाने पुसायची. रंगखात्यातल्या तादाओशी तिचं लग्न झालं, ते जाहीर करताना ती लाजली, आणि सगळा कारखाना तिला चिडवत राहिला. ते माझे सुखाचे दिवस.

किहेई गेले. पुढे कंपनीचे बहुतेक शेअर हाती असलेल्या बँकेने टोकियोहून कुराहाशी नावाचे अध्यक्ष पाठवले. त्यांचा आवाज भारदस्त होता; श्वास मात्र वरवरचा. त्यांनी टोकियोत काचेचं मुख्य कार्यालय बांधलं, बर्फाच्या उतारावर एक हॉटेल घेतलं. इकडे लोक विजेवर चालणारी यंत्रं घेऊ लागले होते, त्याकडे कोणी पाहिलं नाही. हॉटेल ओस पडलं. तीनपैकी दोन शेड बंद झाल्या. तादाओला घरी बसवलं आणि कबूल केलेल्या निवृत्तीच्या रकमेतली निम्मीच त्याच्या हातावर ठेवली. मी तर त्याआधीच सभागृहाच्या कपाटात, जुन्या सपातांच्या शेजारी जाऊन पडलो होतो.

मग एका जूनमध्ये मला अचानक बाहेर काढलं. भागधारकांची वार्षिक सभा टोकियोऐवजी आमच्या सभागृहात ठेवली होती. प्रशासनप्रमुख एबिहारा म्हणाले, “कामगारांच्या गावी सभा, म्हणजे आपुलकी!” इतकी वर्षं ही आपुलकी कुठे होती, हे मला कळेना.

आदल्या दिवशी तालीम झाली. होय मित्रांनो, सभेची तालीम! कंपनीचे शेअर असलेल्या कामगारांना पहिल्या रांगांत बसवलं होतं.

“साहेब विचारतील, हरकत आहे का? तुम्ही एका सुरात म्हणायचं, हरकत नाही! आणि मग टाळ्या. चला, पोटातून!” एबिहारा म्हणाले.

“पोटात काही गेलं तर पोटातून निघेल ना, एबिहारा-सान!” मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

मग त्यांनी नोबुएला बाजूला घेतलं. आता तिचे केस पांढरे झाले होते. विषय चौथा तिने वाचायचा होता: पायउतार होणाऱ्या अध्यक्षांना, म्हणजे कुराहाशींना, त्यांच्या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून निवृत्तीची रक्कम द्यावी, आणि ती किती, हे संचालकांनी ठरवावं.

“मीच का?” नोबुएने विचारलं.

“तुमच्या आवाजाने लोक शांत होतात हो. दोन तर ओळी आहेत.”

“रक्कम किती आहे?”

“ती वाचायची नाहीये.”

“म्हणूनच विचारतेय.”

एबिहारांनी आवाज खाली आणला. “नोबुए-सान, तिसरी शेड चालू राहणार आहे. तिथे कोणाला ठेवायचं, ते अजून ठरायचंय. तुमच्या घरात आता एकच पगार येतो ना?”

तिने रुमाल काढून माझी जाळी पुसली. खरं सांगतो, मला वाटलं, ही वाचणार. त्या दिवशी मी तिच्यावरही संशय घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने चौथा विषय वाचला. शब्दन् शब्द, त्याच गोड आवाजात. कुराहाशींनी विचारलं, “कोणाची हरकत?”

पहिल्या रांगेने श्वास भरला. त्याआधीच माझ्यातून नोबुएचा आवाज गेला, “माझी आहे.”

एबिहारा धावले, पण तिने मला छातीशी घट्ट धरलं. “माझेही शेअर आहेत. एकच विचारते, साहेब. ही कृतज्ञता नेमकी कशाबद्दल?”

कुराहाशी चिडले नाहीत. “मी आलो तेव्हाच धंदा आजारी होता. मी नसतो तर कधीच बंद पडला असता. अशा जागी यायला दुसरं कोण तयार होतं? मी करार करून आलो. करार पाळायचा नसतो का?”

मी त्यांचा श्वास ऐकला. तो या वेळी खोल होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“करार माझ्या नवऱ्याशीही होता,” नोबुए म्हणाली. “त्याला तुम्ही सांगितलंत, दिवस वाईट आहेत, समजून घ्या. त्याने समजून घेतलं. मग तुम्ही का नाही घेत?”

एबिहारांनी पहिल्या रांगेला हाताने खूण केली. कुराहाशींनी पुन्हा विचारलं, “हरकत आहे का?”

कोणीच बोललं नाही. पंख्याची घरघर आणि एका खुर्चीची करकर, एवढंच माझ्यातून सभागृहभर गेलं. अध्यक्षांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कोणी मान खाली घातली नाही. शेवटी ते कागदाकडे वळून म्हणाले, “बँकेची मतं टपालाने आधीच आली आहेत. विषय मंजूर.” टाळी फक्त एबिहारांनी वाजवली.

ती रक्कम किती होती, हे गावात आजही कोणाला ठाऊक नाही. तिसऱ्या शेडमध्ये नोबुएला घेतलं नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात ती शेडही बंद झाली. लिलावात मला कोणी विचारेना, तेव्हा नोबुएने मला उचलून घरी नेलं.

तादाओ म्हणाला, “आता घरातही हुकूम माईकवरून सुटणार का?”

“तुला नुसतं सांगून ऐकू येतं का?” ती म्हणाली. त्या वर्षात ती दोघं पहिल्यांदा खळखळून हसली. हल्ली मी आळीच्या सभाघरात असतो.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, माझी तार पिळू नका, जाळी पुसत जा. एवढं मागायचा मला हक्क आहे. पण एक लक्षात असू द्या. माझ्यातून कोणाचाही आवाज मोठा होतो, किहेईंचा आणि कुराहाशींचाही. निवड मला करता येत नाही, ती तुम्हीच करायची असते. कोणी तुमच्या तोंडी आयते शब्द घातले, तर ते उच्चारण्याआधी विचारा, कशाबद्दल आणि किती. आणि ही हकिगतसुद्धा मी सांगितली म्हणून खरी मानू नका. गावात या, नोबुएला विचारा. तिला आता माईक लागत नाही.